रविवारच्या काचा

डॉक्टर ताम्हनकरांच्या शेडला पूर्वेकडे एकच खिडकी होती, बारीक जाळी मारलेली. डिसेंबरात सातच्या सुमाराला तिच्यातून जो उजेड आत येई, त्यात विशेष असं काही नव्हतं. तोच उजेड त्या वेळी रस्त्यापलीकडच्या गोठ्यावर, रेल्वे क्वार्टर्सच्या चुन्याच्या भिंतींवर आणि पाण्याच्या टाकीवरही पडत असणार. आधी तो राखेसारखा यायचा, रंग नसलेला, आणि मागच्या भिंतीला नुसता टेकून राहायचा. मग जाळीवरच्या धुळीला हळूहळू पिवळेपणा चढे. खुंटीवरचा पट्टा, जुने टायर, तेलाचा डबा एकेक करून आपापल्या आकाराला येत. आणखी काही वेळाने एक तिरपी पट्टी जमिनीवर उतरे, ऑइलच्या काळ्या डागांवरून सरकत गाडीच्या मागच्या चाकाशी येई, मडगार्डच्या गोलाईवर चढे आणि तिथे गडद हिरवी होई, कारण गाडी हिरवी होती. मी दर रविवारी त्या पट्टीची वाट पाहत गाडीशी उभा राहायचो. बल्ब लावायचो नाही. बल्बचा उजेड वरून पडतो आणि वरून पाहिलं की काच नेहमी स्वच्छच दिसते.

त्या रविवारी डावी काच मी पट्टीत आडवी धरली आणि मला तिसरा ओरखडा दिसला.

काच म्हणायची, पण ती काच नव्हती. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेलं पर्स्पेक्स नावाचं पारदर्शक प्लास्टिक होतं. डॉक्टरांची गाडी दोनच माणसांची, उघडी, पन्नास-बावन्न साली इंग्लंडहून आलेली. दारात वर-खाली होणाऱ्या काचा तिला मुळातच नव्हत्या. थंडीवाऱ्यासाठी अशा दोन सुट्या काचा होत्या. हव्या तेव्हा दारांवर बसवायच्या, नको तेव्हा काढून सीटच्या मागे लावलेल्या पिशवीत उभ्या ठेवायच्या. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागे आमचं कुशनचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाड्यांच्या सीटा आणि हूड, म्हणजे कापडी छपरं, शिवत आणि मी त्यांच्या हाताखाली असे. या गाडीचं हूड अण्णांनी शिवलेलं. पिशवी मात्र त्या थंडीच्या सुरुवातीला मी एकट्याने शिवली होती. माझं पहिलं स्वतंत्र काम ते. डॉक्टर पाहून म्हणाले होते, "रेळेकर, मुलगा तुमच्या पुढे जाणार." अण्णांनी पिशवी उघडून पाहिलीसुद्धा नाही, नुसते हसले आणि टोपी सारखी केली.

"काय दिगूशेठ, सूर्याला ओवाळताय व्हय?"

श्रीपती चौगुले दारात उभा होता. एका हातात किटली, दुसऱ्या हातात दोन पेले एकात एक घातलेले. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, हाताने मेकॅनिक आणि तोंडाने गावाचा. दिवसभर स्टेशनजवळच्या एका गॅरेजात राबायचा आणि उरलेल्या वेळात डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन सांभाळायचा. शेडला दोन किल्ल्या होत्या. एक डॉक्टरांच्या बैठकीत खिळ्याला टांगलेली, दुसरी श्रीपतीच्या कडदोऱ्याला. संक्रांत झाली की शेडचा पुढचा अर्धा भाग त्याला स्वतःचं गॅरेज काढायला द्यायचा, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे, कारण मुहूर्ताआधी तिच्यावर कुणाची नजर पडू नये असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं.

"तिसरा," मी म्हणालो.

"तिसरा काय? पोर?"

"ओरखडा. डाव्या काचेवर."

त्याने किटली टेकवली, मान वाकडी करून पाहिलं. ओरखडे नखाएवढे होते, चंद्रकोरीसारखे वाकलेले, एकमेकांच्या शेजारी. "हात्तिच्या. पॉलिश मार की. हाय काय त्यात."

"पॉलिशने इतका खोल जात नाही. आणि दर आठवड्याला एक वाढतोय."

"दर आठवड्याला?" त्याने पेला भरून माझ्यापुढे धरला. "च्या घे आधी. थंड हुतोय."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी चहा घेतला असता आणि विसरलो असतो. पण मला त्या क्षणी वाटलं की यानं विषय बदलला.

मी काचा बसवायला घेतल्या. प्रत्येक चौकटीला खाली दोन पाय असतात. ते दाराच्या वरच्या कडेतल्या दोन भोकांत उतरवायचे आणि आतून हाताने फिरवायचे नट घट्ट करायचे. त्याचाही एक क्रम आहे. आधी पुढचा नट अर्धवट, मग मागचा पूर्ण, आणि शेवटी दार लावून पुढचा. दार उघडं असताना दोन्ही आवळले तर चौकट बाहेर झुकते आणि वेगात वारा शीळ घालतो. मी हे काम कुणाशी न बोलता करायचो. श्रीपती तोवर बॉनेट उघडून आत वाकलेला असे आणि सतत बोलत असे, माझ्याशी, इंजिनाशी, कुणाशीही.

डॉक्टर आले ते स्वेटर, कानटोपी आणि कातडी हातमोजे घालून. सत्तरीचे गृहस्थ; पत्नी गेल्यापासून बंगल्यात एकटे. रविवारची ही फेरी त्यांची ठरलेली. कोवळ्या उन्हात मिरज सोडायची, अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूरपर्यंत जायचं, ऊन तापलं की तिथेच काचा काढून पिशवीत ठेवायच्या आणि उघड्या गाडीतून परत यायचं.

"काय श्रीपतराव, आज घोडी अडणार नाही ना?"

"अडली तर माझं नाव बदला डॉक्टर. पाटीवरचं पण बदलाय लागंल मग, तेवढा रंगाचा खर्च सोसा."

डॉक्टर मोठ्याने हसले. त्याच्याशी बोलताना ते असेच हसत. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई, आजाऱ्याशी बोलावं तसा. ते डाव्या बाजूला आले, चष्मा वर करून काचेकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"दिगंबर, हे काय?"

"ओरखडे आहेत, डॉक्टर. आता तीन झाले."

"शेडमध्ये कुणी हात लावतं का काचांना?"

मी नट पुन्हा तपासू लागलो. श्रीपतीच म्हणाला, "कोण लावणार? मी हाय की हितं."

गाडी निघून गेल्यावर हे वाक्य माझ्या कानात राहिलं. मी हाय की हितं.

घरी जाताना मी विचार जोडत गेलो. रविवारी सकाळी काचा मी पाहतो. परतल्यावर डॉक्टर गाडी शेडमध्ये उभी करतात आणि काचा पिशवीतच राहतात. पुढच्या रविवारपर्यंत त्यांना कुणी बाहेर काढण्याचं कारण नाही. तरी दर रविवारी एक नवा ओरखडा. म्हणजे जे काही होतं, ते मधल्या सहा दिवसांत. त्या सहा दिवसांत शेडमध्ये एकच माणूस जातो. आणि ओरखडे फक्त डाव्या काचेवर का? चालवणारा उजवीकडे बसतो. डावीकडे बसतं ते सोबतचं माणूस. नखाएवढी, वाकलेली खूण कशाची असते? घाईने दार लोटताना, काचेवर मनगट टेकताना बांगडी लागली तर अशीच खूण उमटेल.

एकदा बांगडी मनात आली आणि मग सगळंच तिच्याभोवती गोळा होऊ लागलं. गाडीचं मैल मोजणारं मीटर दोन वर्षांपासून बंद होतं. केबल मिळत नाही, असं श्रीपती सांगत असे. ही गोष्ट मी आजवर कधी मनावर घेतली नव्हती. आता वाटलं, ज्याला गाडी चोरून काढायची आहे त्याला मीटर बंदच हवं असणार. त्याच आठवड्यात सोमवारी, हूडची एक शिवण बघायची आहे असं सांगून मी डॉक्टरांकडून किल्ली घेतली आणि सीटखाली हात घातला. धुळीत केसांची एक पिन सापडली. काळी, एक टोक सरळ केलेली. मी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

बुधवारी दुपारी अण्णांनी मला रेक्झिनच्या गुंडाळ्या आणायला पाठवलं. वाट डॉक्टरांच्या बंगल्यावरून नव्हती, मी ती तशी केली. शेडचं दार वीतभर उघडं होतं. श्रीपती गाडीत बसला होता, उजव्या सीटवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. इंजिन चालू होतं आणि इतकं हळू, की मला ते आधी ऐकूच आलं नाही.

"काय करतोस?" मी विचारलं.

त्याने डोळे उघडले. दचकला नाही. "ऐकतोय."

"काय?"

"तिसरा सिलिंडर खोकतोय जरा. डोळं मिटलं की बरं ऐकू येतं. तू न्हाई का शिवण बोटानं बघतोस, तसं." मग हसून म्हणाला, "बसतोस? ये, डाव्या अंगाला बस. तुला तरी कवा बसवणार कोण."

माझे कान तापले. दोन वर्षं मी त्या गाडीची दारं उघडत-लावत होतो आणि तिच्यात एकदाही बसलो नव्हतो, हे त्याने सहज सांगून टाकलं. "मला काम आहे," मी म्हणालो.

"तुला कायम काम असतंय मर्दा."

गुरुवारी सकाळी मी पुन्हा किल्ली मागितली. शिवणीसाठी वापरतो तो काळा बारीक दोरा बरोबर नेला होता. गाडीची चाकं तारांच्या आऱ्यांची. मागच्या चाकाच्या एका आऱ्याला दोऱ्याचं एक टोक बांधलं, दुसरं चाकाखाली लावायच्या ठोकळ्याला. दोरा काळा आणि जमीन काळी, जवळून पाहूनही दिसत नव्हता. चाक वीतभर फिरलं तरी तो तुटणार होता. बांधताना माझी बोटं थरथरत नव्हती. हे मला तेव्हाही जाणवलं आणि त्याचा थोडा अभिमान वाटला.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून, किल्ली घेऊन मी शेडवर गेलो. दोरा तुटलेला होता. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून त्याची दोन टोकं पाहत राहिलो. मग पिशवी उघडली, काचा तपासल्या, चौथा ओरखडा पाहिला, त्या होत्या तशा ठेवल्या आणि घरी आलो. अण्णांनी जेवताना विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी म्हणालो, दिवसभर वाकून काम केलंय.

रविवारी काचा बसवून झाल्यावर मी डॉक्टरांना बंगल्याच्या पायरीवरच गाठलं. श्रीपती शेडमध्ये आधीच आला होता. अधूनमधून त्याची शीळ ऐकू येत होती.

"डॉक्टर, मला थोडं बोलायचं आहे. काचांबद्दल."

"बोल ना."

मी बोललो. मला इतकं सलग बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. सहा दिवस, एक किल्ली, डावी बाजू, बंद मीटर. रुमाल सोडून पिन दाखवली. दोऱ्याचं सांगितलं. डॉक्टर हातमोजे एकमेकांत दुमडत ऐकत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "गाडी बाहेर गेलेली तू पाहिलीस?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी?"

"नाही. पण चाक फिरलंय, डॉक्टर."

त्यांनी पिन माझ्या हातातून घेतली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पिशवीत काही टोचत-बिचत नाही ना? एखादा टाका, काही?"

"नाही," मी म्हणालो. "पिशवी मी कालच पाहिली."

शेडमध्ये श्रीपती एअर फिल्टर पुसत होता. आम्हा दोघांना एकदम आत आलेलं पाहून तो म्हणाला, "आज वरात जोडीनं?" आणि मग आमची तोंडं पाहून फडकं खाली ठेवलं.

डॉक्टरांना असलं बोलता येत नसे. त्यांनी पिन पुढे केली. "ही गाडीत सापडली."

"व्हय, माझीच ती. म्हंजी बायकोची." त्याने ती घेतली, सरळ केलेलं टोक दाखवलं. "कार्बोरेटरचा जेट साफ कराय. याच्याइतकं बारीक दुसरं काय घावत न्हाई. तिच्या डोक्यातनं काढून आणली, त्यावरनं शिव्या खाल्ल्या. कवापास्नं शोधतोय."

"आणि चाक? गाडी हलली होती या आठवड्यात."

"हलवतोय की. दर दोन दिसाला हातभर ढकलतो. उभ्या गाडीचं टायर एकाच जागी बसतं डॉक्टर, मग रस्त्याला धडधड करतंय." तो थांबला. "पर गाडी हलली हे कुणी बघितलं?"

डॉक्टर काचेकडे पाहू लागले. मीच म्हणालो, "मी चाकाला दोरा बांधला होता."

श्रीपती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या इंजिनातून अनोळखी आवाज यावा आणि तो कुठून आला हे समजू नये, तसा तो पाहत होता.

"माझ्यावर दोरा बांधलास व्हय रं दिगू?"

"ओरखडे शेडमध्येच पडतायत," मी म्हणालो. माझा आवाज बारीक झाला होता. "शेडमध्ये दुसरं कोण येतं?"

"म्हंजी मी गाडी काढून हिंडतोय. बाईमाणूस बसवून."

"तसं कुणी म्हटलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणाय कशाला पाहिजे."

डॉक्टर कानटोपी काढून हातात घेऊन उभे होते. त्यांचे विरळ पांढरे केस उभे राहिले होते. "श्रीपती, हे बघ. मी काही ठरवत नाहीये. फक्त काही दिवस किल्ली माझ्याकडे राहू दे. दोन्ही किल्ल्या. एकदा हे काय आहे ते कळलं की..."

श्रीपतीने कडदोऱ्याची गाठ सोडायला वेळ घेतला. किल्ली निघाली तेव्हा त्याने ती बॉनेटवर ठेवायला हात पुढे केला, मध्येच थांबला, हात पुसायच्या कॉटन वेस्टचा एक बोळा घेऊन बॉनेटवर ठेवला आणि किल्ली त्या बोळ्यावर ठेवली. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाटी उचलून त्याने खांद्यावर घेतली.

"ती राहू दे रे," डॉक्टर म्हणाले. "संक्रांतीला अजून वेळ आहे."

"शेड झाडताना लोकं वाचतील. बरं दिसत न्हाई." दारात वळून तो मला म्हणाला, "पुढचा नट ढिला ऱ्हायलाय बघ डाव्या अंगाचा. शीळ घालंल."

त्या दिवशी डॉक्टर गेले तेव्हा डाव्या काचेतून खरंच शीळ येत होती. गाडी फाटकाबाहेर वळली तरी ती मला ऐकू येत होती. श्रीपती गेला तसा मी पुन्हा नटाकडे वळलोच नव्हतो.

पुढच्या रविवारी डाव्या काचेवर पाचवा ओरखडा होता.

आठवडाभर दोन्ही किल्ल्या डॉक्टरांच्या बैठकीत खिळ्याला होत्या. काच मी पट्टीत धरली, डॉक्टरांनी पाहिली, आणि मी ती खाली ठेवली. शेवटी ते म्हणाले, "आज मी जात नाही. दिगंबर, ही पिशवी सोडव आणि अण्णांना दाखव."

अण्णांनी पिशवी दुकानात मांडीवर घेतली. बाहेरून पाहिली, शिवण पाहिली, मान हलवली, मग हात आत घालून ती उलटी केली. दोन काचा एकमेकींवर घासू नयेत म्हणून मी मध्ये फ्लॅनेलचा पडदा दिला होता आणि तो वरच्या बाजूला एका टिचबटणाने अडकवला होता. अण्णांचा अंगठा त्या बटणाच्या मागच्या बाजूवर गेला आणि तिथे थांबला. पत्र्याची गोल कड उघडी होती. गाडी चालली की डावी काच त्या कडेवर टेकून जयसिंगपूर ते मिरज हेलकावे खात होती.

"पाठ झाकली नाहीस," अण्णा म्हणाले.

बटणाच्या पाठीवर कापडाचा तुकडा द्यायचा, हे त्यांनी मला सुई धरायला शिकवलं त्याच वर्षी सांगितलं होतं. तो तुकडा दिला की पडद्याला बारीकसा फुगवटा येतो. मला पडदा अगदी सपाट हवा होता, म्हणून दिला नव्हता.

"विसरलो," मी म्हणालो.

"काच याच्यावर घासतेय, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

त्यांनी फ्लॅनेलचा रुपयाएवढा गोल कापला, बटणाच्या पाठीवर ठेवला आणि टाके घातले. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग दोरा दाताने तोडून उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. आधी डॉक्टरांकडे, मग त्या पोराकडे."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि एक किल्ली खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. "तूच नेऊन दे त्याला. म्हणावं, शेड त्याचीच आहे. माझं चुकलं म्हणावं."

अण्णा फाटकाशी थांबले. स्टेशनकडे मी एकटाच गेलो.

श्रीपती एका जीपखाली झोपला होता. नुसते पाय दिसत होते. मी हाक मारली तरी तो बाहेर आला नाही. पायांशीच उकिडवं बसून मी बटणाचं सांगितलं. खालून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हंजी आमच्या बायकोची पिन सुटली म्हणायची," तो म्हणाला.

"डॉक्टरांनी किल्ली दिलीय. शेड तुझीच आहे म्हणालेत. त्यांचं चुकलं म्हणालेत."

तो सरकत बाहेर आला, उठून बसला, हात पुसले. किल्लीकडे त्याने पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"डॉक्टर सोन्यासारखा माणूस. त्यांचा राग न्हाई मला. पर एकदा मागितलेली किल्ली हाय ती. उद्या तिथं कुणाचा पाना हरवला, कुणाच्या टाकीतलं पेट्रोल कमी झालं, तर पैल्यांदा कुणाकडं बघतील? ते न्हाई बघणार कदाचित. मलाच वाटत ऱ्हाईल, बघत्यात म्हणून. तसल्या जागंत काम हुत न्हाई."

"पण तुझं गॅरेज?"

"बघू की. पाटी काय कुजत न्हाई लगेच."

मी किल्ली हातात तशीच धरून उभा राहिलो. जायला वळलो तेव्हा त्याने विचारलं, "दिगू, एक सांग. तवा तुला ठाऊक न्हवतं न्हवं, बटनाचं?"

"नाही रे."

"मग झालं. चुकतंय की माणूस. च्या घेतोस?"

मी चहा घेतला. त्याने मला एका टायरवर बसायला जागा दिली आणि त्या जीपच्या मालकाची नक्कल करून दाखवली. मी हसलोसुद्धा.

श्रीपतीने गॅरेज काढलं नाही. पुढच्या वर्षी तो इचलकरंजीला एका कारखान्यात लागला, गाड्यांच्या नव्हे, मागांच्या दुरुस्तीवर. मिरजेला आला की दुकानाशी थांबतो, अण्णांची चौकशी करतो. डॉक्टर वारले आणि गाडी पुण्याला कुणीतरी नेली. नऊ वर्षं मी ही हकिकत अशीच सांगत आलो की एका नवख्या कारागिराकडून चूक झाली आणि ती उशिरा लक्षात आली. अण्णांना तसंच सांगितलं, श्रीपतीला तसंच सांगितलं, आणि कुणी समोर नसतानाही मी ते तसंच सांगतो.

त्या शनिवारी संध्याकाळी पिशवीत हात घातला, तेव्हा बटणाची कड माझ्या बोटाला लागली होती. मी काच बाहेर काढून तिच्यावरचे ओरखडे त्या कडेशी लावून पाहिले होते. ते जुळले होते. रविवारी पायरीवर बोललो तेव्हा मला माहीत होतं.